दहापर्यंत फुकट

मनोहररावांना एक वर्ष हवं होतं, बस एवढंच. एकतीस मेला ते रिटायर होणार होते आणि त्यांना वर्षभराची मुदतवाढ पाहिजे होती, हे आमच्या लॅबमध्ये चौकीदारापासून सगळ्यांना माहीत होतं, कारण त्यांनी स्वतःच ते सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. घरी बसून करू काय, असं त्यांचं म्हणणं. बायको म्हणते, दिवसभर तुम्ही घरात दिसायची मला सवय नाही. आणि नेमकी ती मुदतवाढ मिळू नये याची सोय करायचं काम सुशीलसरांनी माझ्या गळ्यात टाकलं. मी मागितलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, मिळाल्यावर नको असंही म्हटलं नाही.

आमची लॅब प्रताप नगरात. माती तपासायची. काटोलकडचे शेतकरी पिशवीत माती घालून बसने येतात, आम्ही ती तपासून सांगतो की बागेत काय कमी आहे, काय जास्त. एप्रिल-मे म्हणजे आमची लगीनघाई. स्टोअररूममध्ये पिशव्यांची थप्पी छताला लागते आणि ऑफिसभर धूळ. मी भैरवी, इथली कॉम्प्युटरवाली. पुण्याच्या कंपनीत चार वर्षं काढून परत आले, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा समज होता. अजूनही थोडा आहे.

लॅबचं सगळं काम अकरा सर्व्हरवर चालतं. आता अकरा म्हटल्यावर अकरा डबे डोळ्यांसमोर आणू नका. खरे डबे दोनच. बाकी सगळं त्यांच्या पोटात. एकाच घरात चुली वेगळ्या मांडलेली अकरा बिऱ्हाडं असतात ना, तसं. रिपोर्टचं एक, हजेरीचं एक, एसएमएसचं एक, असं. या घराची देखरेख चौदा वर्षं मनोहरराव करत होते, आणि कशी करत होते? तर हात लावून. दर तासाला सर्व्हररूममध्ये जायचं, पोराचा ताप बघावा तसा दोन्ही डब्यांवर तळवा ठेवायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचं: गार, कोमट किंवा गरम. गरम लिहिलं की एसी वाढवायचा. झाली देखरेख. चौदा वर्षांची रजिस्टरं कपाटात नीट लावून ठेवलेली.

मी त्यांच्या तोंडावर हसायचे. ते चिडायचे नाहीत. “हास, हास,” म्हणायचे, “तुया स्क्रीनले हात आहे का?”

तर झालं असं की सुशीलसर, म्हणजे आमचे डायरेक्टर, एका परिषदेला जाऊन आले. तिथे त्यांनी कुणाच्या तरी भिंतीवर भला मोठा टीव्ही पाहिला. त्यावर हिरवे ठिपके. सगळे सर्व्हर ठीक आहेत की नाही ते एका नजरेत कळतं, काही बिघडलं की ठिपका लाल होतो आणि मोबाइलवर निरोप येतो. सरांना तो टीव्ही फारच आवडला. त्याहून जास्त आवडलं ते हे की त्यामागचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फुकट हा शब्द सर गुलाबजाम खाल्ल्यासारखा उच्चारतात. त्यांनी मला आणि मनोहररावांना एकत्रच बोलावलं आणि फार गोड आवाजात सांगितलं की भैरवी हे बसवेल, आणि स्क्रीनच लक्ष ठेवायला लागली तर माणसाची गरज उरते का, ते बघून पंधरा तारखेला मुदतवाढीचं ठरवू. मनोहररावांनी मान डोलवली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, नीट बसव, अर्धवट नको ठेवू. यांना राग का येत नाही, याचाच मला राग आला.

आठ दिवस मी त्या कामात बुडाले होते आणि आता प्रांजळपणे सांगते, मला फार मजा आली. कोणता सर्व्हर किती श्रमतो, कुणाला जागा कमी पडते, कोण नुसताच लोळतो, सगळं घरबसल्या दिसायला लागलं. फक्त एक माशी शिंकली. फुकटचं म्हणजे दहापर्यंतच फुकट. अकरावा चालू दिसला की वरती लाल पट्टी, आणि पट्टीखाली सगळं ठप्प. पुढचं हवं तर पैसे भरा. सरांना विचारलं तर म्हणाले, एक कमी कर.

एक कमी कर म्हणायला काय जातं! लग्नातल्या मानपानासारखा गोंधळ सुरू झाला. तोपर्यंत आपल्या विभागाचा सर्व्हर कुठला हेही ज्यांना माहीत नव्हतं, ते येऊन विचारू लागले की आमचा यादीत आहे ना? आहे म्हटलं की पुढचं, मग इतक्या खाली काहून? मी पदर खोचून सगळ्यांना सांगितलं की ज्याचा सर्व्हर असेल त्याने फॉर्मवर सही करून कारण लिहावं. आमच्याकडे सही मागितली की गर्दी आपोआप पांगते. तरी दहा फॉर्म आले. सरांनीही एक भरला. लॉबीतल्या टीव्हीवर त्यांचे सत्कार घेतानाचे फोटो फिरत असतात, त्याच्यासाठी एक आख्खा सर्व्हर आहे. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘अत्यावश्यक’.

उरला एक. नाव ‘टेस्ट-टू’. त्याला कुणी वाली नाही. टेस्ट-वन कुठे गेला तेही कुणाला ठाऊक नाही. मी तीन दिवस नोटीस लावून ठेवली. स्क्रीनवर पाहिलं तर याचं काम दोन टक्के, म्हणजे जवळपास झोपलेलाच. मनोहररावांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते पंख्याकडे बघत बसले.

“राहू दे ना वं,” शेवटी म्हणाले. “कोपऱ्यात पडून आहे बिचारं. खायले थोडंच मागते.”

तुमचा आहे का, असं मी सरळ विचारलं. तर म्हणाले, माहं काय आहे इथं, सगळं संस्थेचं. हे उत्तर ऐकून माझे कान टवकारायला हवे होते. पण माझ्या डोक्यात हिरवे ठिपके भरले होते. शुक्रवारी दुपारी मी टेस्ट-टू बंद केला. लाल पट्टी गेली आणि भिंतीवर एकाखाली एक दहा हिरवे ठिपके उमटले. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांसाठी कोथिंबिरीची सांबारवडी मागवली. मी तीन खाल्ल्या. मनोहररावांनी घेतली नाही. मला वाटलं रुसले.

शनिवारपासून त्यांनी सर्व्हररूममध्ये पाऊल टाकणं सोडलं. रजिस्टर मिटलेलंच. माणूस सापडायचा तो स्टोअररूममध्ये, पिशव्यांच्या थप्पीआड, जिथे कूलर नाही, खिडकी नाही, आणि बाहेर चव्वेचाळीस डिग्री. डोक्यावर ओला दुपट्टा, मांडीवर कागदांचा गठ्ठा आणि कानाला मोबाइल. कुणी आत गेलं की आवाज एकदम खाली. रिसेप्शनवरची करिष्मा म्हणाली, या वयात काकांना कुणीतरी भेटलेलं दिसतंय. आम्ही दोघी खूप हसलो. मी तर आणखी दोन गोष्टी जोडून दिल्या, त्या इथे सांगत नाही.

सरांच्याही ते नजरेस आलं. मंगळवारी मला थांबवून म्हणाले, बघ, स्क्रीन आली आणि माणूस रिकामा झाला, दिवसभर फोनवर असतो, पंधराला काय लिहायचं ते आता मला कळलं. मनोहररावांचं वर्ष माझ्या हातून चाललं होतं. पण अडवणार कशी? काम तर मीच केलं होतं, आणि ते चांगलंही झालं होतं.

बुधवारी दुपारी करिष्माच्या टेबलावर एक मातीची पिशवी पडली होती. सहज हातात घेतली तर तिच्या मागच्या बाजूला जांभळ्या शाईचा शिक्का आणि शिक्क्यात फोन नंबर. आमच्या रिसेप्शनचा नंबर तो नव्हता. मी विचारलं हा कुणाचा? करिष्मा म्हणाली, हा मातीवाल्या दादांचा नंबर, शेतकरी यावरच रिपोर्ट ऐकतात ना. मी म्हटलं, कोण दादा? ती म्हणाली, मला काय माहीत, काहीतरी मशीनवर असतं, तूच तर कॉम्प्युटरवाली.

मी तिथेच उभ्या उभ्या नंबर लावला.

“रामराम,” फोनवर आवाज आला. “नमुना नंबर सांगा.”

आणि तोच रामराम, तसाच, क्षणभर आधी मला डाव्या कानाने ऐकू आला होता. स्टोअररूमच्या दारातून. मी फोन कानाला तसाच ठेवून चालत गेले. थप्पीआड मनोहरराव गोणीवर बसले होते, घामाने निथळत. ते फोनमध्ये म्हणाले, नंबर सांगा ना जी, कोन बोलून राहिलं? मी म्हटलं, मी. त्यांनी वर पाहिलं. दोन्हीकडचे फोन चालूच होते.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नऊ वर्षांपूर्वी काटोलकडचे रामाजी नावाचे शेतकरी दुसऱ्यांदा माती घेऊन आले होते. पहिल्या रिपोर्टचं काय केलं असं रिसेप्शनवर विचारलं तर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तो काढून दाखवला. आठ घड्या घातलेला. वर्षभर जवळ बाळगला होता. त्यात काय लिहिलंय ते मात्र कळलं नव्हतं, कारण सगळं इंग्रजीत, आणि कुणाला विचारायचा संकोच. आतल्या दाराआडून हे ऐकणाऱ्या मनोहररावांना ते फार लागलं. त्यांनी स्वतः शिकून, महिनाभर डोकं फोडून, एका सर्व्हरवर फोनचं यंत्र बसवलं. शेतकऱ्याने नंबर लावायचा, नमुन्याचा आकडा दाबायचा की रिपोर्ट बोलून सांगितला जायचा. सुरुवातीचा रामराम, शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे, नत्र, पालाश अशी मातीतल्या घटकांची नावं आणि ‘कमी’, ‘बरोबर’, ‘भरपूर’ हे शब्द त्यांनी आपल्याच आवाजात भरून ठेवले होते. लॅबची एक जुनी लँडलाइन वापराविना पडून होती, ती जोडली. शिक्का इतवारीच्या बाजारातून करून आणला. टेस्ट-वनवर जमलं नाही, टेस्ट-टूवर जमलं. आणि मी ज्याला दोन टक्के म्हणून लोळणारा समजले, तो रोज साठ-सत्तर फोन घेत होता. बोलायला यंत्राला फार श्रम पडत नाहीत, एवढं साधं मला सुचलं नाही.

परवानगी? घेतलीच नव्हती. घेतली असती तर फॉर्म भरावा लागला असता आणि कारण लिहावं लागलं असतं, म्हणाले. काय लिहिणार, आपला रिपोर्ट लोकांना वाचता येत नाही? आणि आता रिटायर व्हायला जेमतेम अठरा दिवस उरले असताना, नऊ वर्षं बिनपरवानगी सर्व्हर चालवला हे सरांना कळलं तर वर्ष मिळतं का? म्हणून मी टेस्ट-टू बंद केल्यावर त्यांनी गुपचूप ते फोन आपल्या मोबाइलवर वळवून घेतले होते. रिपोर्टांचे छापील कागद मांडीवर घेऊन गेले पाच दिवस हा माणूस स्वतः यंत्र होऊन बसला होता. रविवारीसुद्धा. घसा बसला होता त्यांचा.

“मग मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं. मी भांडायच्या सुरात विचारलं, कारण मला रडू येत होतं.

“तू खुश होतीस वं,” ते म्हणाले.

मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मी तशीच उठले आणि टेस्ट-टू चालू केला. दहात बसवायचा तर एकाला घालवणं भाग होतं, म्हणून सरांचे सत्कार बंद केले. लॉबीतला टीव्ही काळा झाला. सांगायला हरकत नाही, दोन दिवस ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, सरांच्यासुद्धा. मनोहररावांनी फोन परत लँडलाइनवर सोडले, सर्व्हररूममध्ये गेले, डब्यावर हात ठेवला आणि म्हणाले, कोमट.

पण वर्ष गेलंच होतं. यंत्र बोलतंय म्हटल्यावर माणूस कशाला, असं सगळं कळल्यावरही सर म्हणणारच, आणि ते मलाही खोडता येत नव्हतं.

गुरुवारी सकाळपासून करिष्माच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. दुपारपर्यंत एकेचाळीस तक्रारी. सगळ्यांची तक्रार एकच: दादांना झालं काय? कालपर्यंत किती छान बोलायचे आणि आता आपलंच म्हणणं रेटतात, मधे काही विचारलं तर ऐकूनच घेत नाहीत. मी भिंतीकडे पाहिलं. सगळं हिरवं. टेस्ट-टूची तब्येत इतकी ठणठणीत कधीच नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या पाच दिवसांत लोकांना दादा खरे भेटले होते. पालाश कमी म्हणजे मी काय टाकू, किती टाकू, संत्र्याचा मृग बहार धरू की सोडू, असं त्यांनी विचारलं होतं आणि मनोहररावांनी उत्तरं दिली होती. ते स्वतः संत्र्याच्या बागेतले, त्यांना काय सांगायचं! आणि मी मोठ्या उपकाराच्या थाटात त्यांच्या जागी परत यंत्र बसवलं होतं.

शुक्रवारी पंधरा तारीख. सकाळच्या बसने खुद्द रामाजी आले, सोबत तीन शेतकरी. चपला बाहेर काढून ते सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले. मला बोलावणं आलं तेव्हा रामाजी सरांना विचारत होते की तो माणूस बीमार आहे का, बोलते पण आयकत नाही. सरांना कोण माणूस, कुठला फोन, काहीच कळेना. मग मी सगळं सांगितलं. नऊ वर्षं, फॉर्म नाही, शिक्का, लँडलाइन, आणि तो सर्व्हर मीच बंद केला हेही. आणि लॉबीतल्या टीव्हीचं काय झालं तेही सांगून टाकलं, आता मार खायचाच तर एकदाच खावा म्हणून.

सरांनी काचेतून भिंतीवरच्या ठिपक्यांकडे पाहिलं.

“सगळं तर हिरवं आहे,” ते म्हणाले. “मग बंद काय पडलंय?”

“मनोहरराव,” मी म्हटलं.

ते दारातच उभे होते, रजिस्टर छातीशी धरून. त्यांना वाटलं त्यांना हाक मारली. आत आले, शेतकऱ्यांना पाहून सवयीने म्हणाले, रामराम. आणि रामाजी खुर्चीतून उठलेच. नऊ वर्षं ऐकलेला आवाज त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. त्यांनी मनोहररावांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. बारीक अंगकाठी, चष्म्याची दोरी, शर्टाच्या खिशात दोन पेनं.

“तुम्ही तं लहान निघाले गा,” रामाजी म्हणाले. “आवाजावरून मले मोठ्ठे वाटले होते.”

सगळे हसले, सरही. मग रामाजींनी सरांकडे वळून साधंच विचारलं की हा माणूस पुन्हा फोनवर कधी बसणार, तेवढं कळलं तर दोनची बस पकडतो. चार शेतकऱ्यांसमोर ‘तो आता रिटायर होणार’ असं म्हणायची सरांची काय टाप होती! सोमवारपासून, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि मुदतवाढीचं पत्र दुपारी टाइप झालं. अर्थात फॉर्म काही सुटला नाही. नऊ वर्षांपूर्वीच्या सर्व्हरची परवानगी मनोहररावांना आता मागावी लागली. कारणाचा रकाना मीच भरला. लिहिलं, ‘अत्यावश्यक’. सरांना ते ओळखीचं वाटलं असावं, पण त्यांनी निमूटपणे सही केली.

आता टेस्ट-टू आधी रिपोर्ट सांगतो आणि शेवटी म्हणतो, काही विचारायचं असंल तर शून्य दाबा. शून्य दाबलं की फोन मनोहररावांच्या टेबलावर वाजतो. टेबलाला कूलर दिलाय, मी भांडून मिळवला. एकदा ते मला म्हणाले, मले पण टाक ना वं तुया स्क्रीनवर, एक ठिपका. मी म्हटलं, जमत नाही, दहापर्यंतच फुकट आहे.

परवा ते जेवायला गेले होते तेव्हा मी सर्व्हररूममध्ये गेले. रजिस्टर उघडंच होतं. दोन डब्यांचे दोन रकाने, आणि पट्टीने आखलेला तिसरा. त्याच्यावर नाव, भैरवी. दहा वाजता गरम. अकराला गरम. बाराला कोमट. मला हसूही आलं आणि संतापही. हा उद्योग कधीपासून चालू आहे ते बघायला मी पानं मागे उलटली. मे, एप्रिल, मागचं वर्ष. मी रुजू झाले त्या दिवसापर्यंत तो रकाना होता, दर तासाला भरलेला.

पुन्हा पुढे आले. स्टोअररूमच्या दिवसांची पानं कोरी होती. त्याच्या आदला शुक्रवार, दुपारचे तीन, टेस्ट-टू बंद केला ती वेळ. माझ्या रकान्यात गार, कोमट, गरम यातलं काहीच नव्हतं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, खुश.

मी रजिस्टर होतं तसं ठेवलं आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले. कुणी विचारलं तर एसी बघतेय म्हणून सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.